दहा लाख फेऱ्या

"हा कूलर इथं कोणी आणला?"

पेशने सर दारात उभे होते. त्यांच्यामागे आमचे इलेक्ट्रिशियन तितरमारे काका, हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन, भिंतीकडे बघत. मी सूक्ष्मदर्शकावरून डोकं वर काढलं. खोलीभर वाळ्याचा वास सुटला होता आणि कूलरचा पंखा असा घरघरत होता की सरांना ओरडूनच बोलावं लागत होतं.

"मीच सांगितलं काकांना, सर," मी म्हणाले. "काल संध्याकाळी एसी जळला. सकाळी दहालाच खोलीत चाळीसच्या वर पारा गेला होता. यंत्रं बंद पडली असती."

"म्हणून प्रयोगशाळेत कूलर? पाण्याचा? वनिता, तुला कळून राहिलं का, तू काय केलं ते?"

सर अस्सल नागपूरचे. एरवी शुद्ध छापील बोलायचे, पण चिडले की घरचं बोलणं तोंडात यायचं. म्हणजे ते फारच चिडले होते.

ही गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची, मे महिन्यातल्या एका मंगळवारची. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. चंद्रपूरच्या पॉलिटेक्निकची पदविका होती आणि त्या प्रयोगशाळेत मी कंत्राटी तंत्रसहायक होते. आजूबाजूला सगळे डॉक्टरेटवाले. मुलाखतीत बाकीच्या दोघांनी माझी पदविका बघून फाईल मिटली होती. डॉ. पेशन्यांनी ती परत उघडली आणि विचारलं, "बारीक काम जमतं का?" मी म्हणाले, जमतं. त्यांनी एक चिमटा आणि खसखशीचा दाणा पुढे ठेवला. दाणा उचलून मी त्यांच्या तळहातावर ठेवला आणि मला नोकरी लागली.

आमचं काम खसखशीच्या दाण्याहूनही बारीक होतं. सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेली दातेरी चाकं आम्ही चालवून बघायचो. चाक इतकं लहान, की नुसत्या डोळ्यांना तो धुळीचा कण वाटावा. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र त्याचा एकेक दात दिसायचा, मधली खुंटी दिसायची. विजेच्या झटक्यांवर ते सेकंदाला शंभर वेळा गरगर फिरायचं. त्यापासून पुढे एक कुलूप करायचं होतं. कोळशाच्या खाणीत सुरुंग उडवायला जी टोपी लावतात, तिच्या आत बसणारं. बरोबर संकेत आल्याशिवाय ते उघडायचं नाही, म्हणजे चुकून कुठूनशी वीज शिरली तरी सुरुंग अवेळी उडायचा नाही. मी बल्लारपूरच्या खाण कामगारांच्या वस्तीत वाढलेली. हे काम कशासाठी आहे, ते मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

अट एकच होती. चाकानं न थांबता दहा लाख फेऱ्या पूर्ण करायच्या. पावणेतीन तासांचं काम.

आमचं एकही चाक दोन लाखांच्या पुढे गेलेलं नव्हतं.

"बंद कर तो," सर म्हणाले. काकांनी पुढे होऊन कूलरचं बटण फिरवलं. खोली एकदम शांत झाली.

"सर, एकदा आकडा बघा," मी म्हणाले.

"कसला आकडा?"

"चाक नंबर तेवीस. सकाळी पावणेअकराला लावलं होतं."

सरांनी घड्याळ पाहिलं. दोन वाजले होते. ते मोजणीयंत्रापाशी आले, चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकून वाचू लागले. अकरा लाख एकाहत्तर हजार. शेवटचे आकडे डोळ्यांसमोर पळत होते.

"मोजणीयंत्र बिघडलंय," सर म्हणाले.

"मीही तेच म्हणाले, सर. दोनदा तपासलं."

"मग नायट्रोजन किती ठेवलास?"

मी मोजणीयंत्राची वायर उगाच सरळ केली. हाच प्रश्न येणार, हे मला मघापासून माहीत होतं.

"वनिता?"

"नायट्रोजन सकाळीच संपला, सर. नवीन सिलिंडर उशिरा येणार होता. मी खोक्याची नळी काढली आणि त्या जागी गाळणी लावली. चाक खोलीच्या हवेत चालून राहिलंय."

आता खोक्याबद्दल सांगायला हवं. आदल्या ऑगस्टमध्ये आम्ही ही चाकं उघड्यावर चालवत होतो. तेव्हा हवेत इतका ओलावा होता, की चाकं जागची हललीच नाहीत. पाण्याच्या अदृश्य थरानं ती खालच्या चकतीला चिकटून बसली. तेव्हा सरांनी काचेचा एक खोका तयार केला. त्यात कोरडा नायट्रोजन सोडायचा, म्हणजे ओल्या हवेला आत वावच नाही. चार महिने खपून, स्वतःच्या हातानं काच कापून त्यांनी तो केला होता. डिसेंबरपासून एकही चाक चिकटलं नाही. सगळी फिरली, आणि अर्ध्या तासात मेली.

"नवीन सिलिंडर आलाय," सर म्हणाले. "लाव."

मी नळी जोडली. खोक्यातला आर्द्रतेचा काटा चव्वेचाळीसवर होता. तो हळूहळू खाली उतरत दोनवर टेकला. वीस मिनिटांनी चाक नंबर तेवीस थरथरलं, एकदा अडखळलं आणि थांबलं.

"आयुष्य संपलं होतं त्याचं," सर म्हणाले. पण आवाजातला राग गेला होता. दारातून मागे वळून ते म्हणाले, "शुक्रवारी समिती आहे. सहा चांगली चाकं उरलीत, ती कपाटात कुलूपबंद राहतील. आता काही प्रयोग नकोत."

समिती येणार होती ती प्रकल्प चालू ठेवायचा की बंद करायचा, हे ठरवायला. तिच्या फॉर्मवर एक रकाना होता: अपयशाचं कारण आणि जबाबदार व्यक्ती. तो रकाना कोणाच्या नावानं भरला जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

ते नाव होतं फिरोज पठाण. चाकं कोरायची आणि शेवटी आम्लात धुऊन मोकळी करायची, हे त्याचं काम. खोका निर्दोष, मोजणी निर्दोष, म्हणजे दोष चाकात, आणि चाकं फिरोजभाईची. त्या दुपारी मी शेजारच्या इमारतीत गेले, तेव्हा तो टेबलाचे खण रिकामे करत होता.

"हे काय करून राहिले, फिरोजभाई?"

"आवरून ठेवतोय, ताई. शुक्रवारी कोणी सांगण्याआधी आपणच निघालेलं बरं." त्यानं राजीनाम्याचा कागद दाखवला. "पाच महिने झाले. दरवेळी वाटतं, या खेपेला धुणं नीट झालंय. आणि दरवेळी तू येऊन सांगतेस, गेलं. रात्री स्वप्नातही मी चाकंच धुतो."

"एक गेलं नाही," मी म्हणाले, आणि तेवीस नंबरचं सांगितलं.

तो खणाशी वाकलेला तसाच थांबला. मग सावकाश खुर्चीत बसला. "किती होता काटा?"

"चव्वेचाळीस."

"आणि मेलेली सगळी?"

मी माझी वही बरोबरच नेली होती. प्रत्येक चाकापुढे खोक्यातल्या काट्याचा आकडा लिहायची मला सवय होती. कोणी सांगितलं नव्हतं, पण काटा समोर दिसतोय आणि लिहिला नाही, तर मला चैन पडायची नाही. आम्ही पान उघडलं. डिसेंबरपासून बावीस चाकं. दोन टक्के, एक टक्का, तीन टक्के, दोन टक्के. खाली खाली सगळे असेच. जितका काटा खाली, तितकं मरण लवकर. एक टक्क्यावरची चाकं तर वीस मिनिटंही टिकली नव्हती.

फिरोजनं बोट त्या आकड्यांवरून दोनदा फिरवलं. "सिलिकॉनच्या अंगावर हवेतल्या पाण्याचा पातळ थर असतो," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "जाड झाला तर चाक चिकटतं. ऑगस्टमध्ये तेच झालं. पण थोडासा असेल तर... ताई, तो वंगणासारखा काम करत असेल. आपण तो पुसून टाकतोय. मग खुंटी आणि चाक थेट एकमेकांवर घासतात."

"म्हणजे तुमचं धुणं बरोबर आहे."

 तो राजीनाम्याच्या कागदाकडे बघत राहिला.

बुधवारी सकाळी मी सरांच्या खोलीत गेले. ते अहवाल लिहीत होते. "सर, भंगारातली चाकं वापरू का?"

"भंगाराचं काय हवं ते कर," त्यांनी मान वर न करता सांगितलं.

एखादा दात तुटलेली किंवा कडेला टवका गेलेली चाकं फिरोज एका डबीत ठेवायचा. त्यातली आठ फिरण्याजोगी निघाली. आम्ही नायट्रोजनची नळी दोन वाटांना फोडली. एक वाट सरळ खोक्यात, दुसरी शुद्ध पाण्याच्या बाटलीतून बुडबुडे काढत. दोन्ही तोट्या कमीजास्त केल्या की हवा तितका ओलावा मिळायचा. एसी दुरुस्त व्हायचा होता, म्हणून तितरमारे काका दर तासाला बर्फाची लादी आणून पंख्यापुढे ठेवायचे आणि जाता जाता विचारायचे, "काय म्हणते बारीक पोरगी?" चाकाला ते बारीक पोरगी म्हणायचे.

दोन दिवस आम्ही दुसरं काही केलं नाही. कोरड्यात चार चाकं लावली, चारही अर्ध्या तासात गेली. पंच्याऐंशी टक्क्यांवर दोन लावली. ती काही वेळ फिरली, पण जरा थांबवली तर पुन्हा हलेनात. आणि चाळीस टक्क्यांवर दोन. पहिलं दहा लाखांवर आम्हीच थांबवलं. दुसरंही. सूक्ष्मदर्शकातून बघितलं, तर कोरड्यात मेलेल्या चाकांच्या खुंटीभोवती राखेसारखी भुकटी साचली होती. चाळीसवरच्या चाकांभोवती जवळजवळ काहीच नव्हतं. एका चाकाला तर एक दात कमी होता, तरी ते बिचारं फिरलं.

गुरुवारी चार वाजता मी आकड्यांचा कागद सरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो पूर्ण वाचला. मग पुन्हा पहिल्या ओळीवर गेले.

"पाण्यानं चाक चिकटतं, हे तूच मला दाखवलंस," ते म्हणाले.

"हो, सर. जास्त पाण्यानं."

"आणि कमी पाण्यानं झिजतं, म्हणतेस."

"हो, सर."

"दोन दिवसांत. आठ मोडक्या चाकांवर." त्यांनी कागद बाजूला ठेवला. "वनिता, उद्या मुंबईहून वर्तक बाई येतायत. चाळीस वर्षं धातूंच्या झिजेवर काम केलेली बाई आहे. तिच्यासमोर मी हे ठेवू? ती हसेल."

"एक चांगलं चाक द्या, सर. एकच."

"नाही."

मी उठले. दाराशी पोचले तेव्हा ते म्हणाले, "हे खरं असेल, तर पाच महिने मी माझ्याच हातानं चाकं मारत होतो." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मीही थांबले नाही. ज्या माणसानं माझी मिटलेली फाईल उघडली होती, त्याला याहून जास्त काही म्हणायचं माझ्यानं होईना.

शुक्रवारी अकराला समिती बसली. मध्ये डॉ. वर्तक बाई, सत्तरीच्या, खादीची साडी, चष्म्याला काळी दोरी. दोन्ही बाजूंना दोन अधिकारी. सर फळ्यापाशी, फिरोज कोपऱ्यातल्या खुर्चीत, आणि मी मागे दाराला टेकून, कारण माझ्यासाठी खुर्ची नव्हती. फिरोजच्या शर्टाच्या खिशातून राजीनाम्याच्या कागदाचा कोपरा दिसत होता.

सरांनी अहवाल वाचला. छान वाचला. शेवटी वर्तक बाईंनी फॉर्म पुढे ओढला आणि पेनचं टोपण काढलं.

"म्हणजे कारण काय लिहू? चाकं सदोष?"

 सरांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. मग म्हणाले, "उपलब्ध पुराव्यावरून... चाकांच्या शेवटच्या धुण्यात..."

"चाकं चांगली आहेत."

आवाज माझाच होता. सगळ्या माना वळल्या. मी दार घट्ट धरून ठेवलं.

"तुम्ही कोण?" वर्तक बाईंनी विचारलं.

"वनिता उरकुडे. तंत्रसहायक. चाकं मीच चालवते, बाई. सगळी चाकं मी चालवली आहेत. कोरड्या हवेत ती अर्ध्या तासात मरतात आणि चाळीस टक्के ओलाव्यात मरत नाहीत. धुण्यात काही चूक नाही."

उजवीकडचे अधिकारी हसले. "ओलाव्यात यंत्रं टिकतात? मॅडम, आमच्याकडे तर गंजतात."

वर्तक बाई हसल्या नाहीत. त्या सरांकडे वळल्या. "डॉक्टर, हे तुम्हाला माहीत आहे?"

 सर "नाही" म्हणाले असते तरी चाललं असतं. "ही मुलगी उत्साही आहे" एवढं म्हणाले असते, तरी तिथेच सगळं संपलं असतं. माझं कंत्राट जूनमध्ये संपत होतं, ते नवं करायचं की नाही, हेही त्यांच्याच हातात होतं. त्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा लावला. मग पँटच्या खिशात हात घालून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि माझ्या दिशेनं पुढे केला.

"कपाटात सहा आहेत," ते म्हणाले. "दोन काढ. वाटेल ती."

मी पुढे गेले. किल्ल्या घेताना त्यांचा हात गार लागला.

फिरोजनं सरांनी आधी करून पाहिलेला खोक्याचा जुना नमुना आणून दुसऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली लावला. एका खोक्यात काटा दोनवर, दुसऱ्यात चाळीसवर. चाकं एकाच चकतीवरची, शेजारशेजारची. वर्तक बाई म्हणाल्या, "आधी लिहून ठेव, काय होणार ते." मी फळ्यावर खडूनं लिहिलं: डावं, पस्तीस मिनिटांच्या आत. उजवं, दहा लाख पार. लिहिल्यावर वाटलं, पुसून टाकावं. पण वीज सुरू झाली होती.

डावं चाक एकतिसाव्या मिनिटाला गेलं.

वर्तक बाई स्वतः उठून सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या. "किती ही भुकटी," त्या म्हणाल्या आणि उजव्या यंत्राकडे गेल्या. "इथे काही नाही." मग त्यांनी खुर्ची ओढली आणि तिथेच बसल्या. दोन्ही अधिकाऱ्यांना त्यांनी जेवायला पाठवून दिलं.

पाच लाख झाले. साडेसात झाले. सर कधी उठून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, कळलं नाही. नऊ लाखांना चाक एकदा किंचित थरारल्यासारखं वाटलं आणि माझ्या तोंडून "आई गं" निघालं. तो टेबलाला कोणाचा तरी धक्का होता. काकांचा. ते दारातून आत सरकून माझ्या खांद्यावरून आकडा वाचत होते, आणि त्यांना बाहेर जा म्हणायचं कोणाला सुचत नव्हतं.

नऊ लाख नव्व्याण्णव हजार. फिरोजनं डोळे मिटून घेतले. "सांग, ताई," तो म्हणाला. "मला बघवत नाही."

"झाले," मी म्हणाले. "दहा लाख. झाले, फिरोजभाई! अजून चालूच आहे!"

काकांनी जी आरोळी ठोकली, ती म्हणे फाटकावरच्या पहारेकऱ्याला ऐकू गेली. फिरोजनं माझे दोन्ही हात धरले, आणि तो हसतोय की रडतोय ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं. जेवून परतलेल्या अधिकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. वर्तक बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी झीज बघतेय, मुली. हे मी प्रथमच पाहिलं." मग त्यांनी पेन उचललं. "आता या रकान्याचं काय करायचं?"

"तो माझ्याकडे द्या," सर म्हणाले.

त्यांनी उभ्या उभ्याच लिहिलं. त्यांचं अक्षर मोठं, गोल, लांबून वाचता यायचं. कारण: खोका गरजेपेक्षा कोरडा ठेवला. जबाबदार व्यक्ती: य. दा. पेशने. शोध: वनिता उरकुडे, फिरोज पठाण. खाली सही केली, तारीख घातली आणि कागद बाईंपुढे ठेवला. सरांचा चेहरा त्या वेळी पडलेला नव्हता. परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीच्या बापासारखे ते दिसत होते. इतकी वर्षं झाली, पुढे मी स्वतः कितीतरी जणांना कामाला घेतलं, त्यांच्या चुका आणि माझ्या चुका कागदावर लिहिल्या. पण लिहिताना डोळ्यांसमोर येतं ते तेच मोठं, गोल अक्षर.

"अट पूर्ण झाली," वर्तक बाई म्हणाल्या. "बंद करा आता यंत्र."

"नको," सर पटकन म्हणाले. "चालू द्या. बघू तरी किती जातं."

आम्ही ते शनिवारी चालू ठेवलं, रविवारी चालू ठेवलं. सोमवारी सकाळी दहाला मी खोलीत शिरले, तेव्हा सर, फिरोज आणि काका आधीच आलेले होते आणि आकडा अडीच कोटींच्या पुढे गेला होता. सूक्ष्मदर्शकाखाली चाक पहिल्या दिवसासारखंच फिरत होतं. पुढचे प्रयोग खोळंबले होते, यंत्र मोकळं करायला हवं होतं.

"कर बंद," सर म्हणाले.

"तुम्ही करा, सर."

"छे. तू लावलंस, तूच थांबव."

मी बटण दाबलं.